भरलेल्या वर्गातली जागा : कॅलिफोर्नियातील पदवीधरांच्या वर्गप्रवेशाचा इतिहास

चार वर्षांची बॅचलर पदवी घेऊन झाल्यावर जो पुन्हा पदवीपूर्व वर्गात येऊन बसतो, त्याला अमेरिकेत ‘पोस्ट-बॅकॅलॉरिएट’ किंवा नुसते ‘पोस्ट-बॅक’ म्हणतात. एम.ए., एम.एस. करणाऱ्यांहून हा विद्यार्थी वेगळा. इतिहासात पदवी घेतलेल्या माणसाला तिशीत डॉक्टर व्हावेसे वाटते आणि त्याला रसायनशास्त्राचा श्रीगणेशा करावा लागतो. कोणी बँकेतली नोकरी सोडून शाळेत शिकवू पाहतो, कोणाला नर्सिंगला जायचे असते, कोणाला लेखापालाच्या परवान्यासाठी अकाउंटिंगचे काही विषय कमी पडतात. या सगळ्यांना पाच-सात ठरावीक विषय हवे असतात. नेमके तेच विषय पहिली पदवी घेणाऱ्या हजारो मुलांनाही हवे असतात.

मुंबई-पुण्याच्या कॉलेजात प्रवेश झाला की तुकडी ठरते, वेळापत्रक ठरते आणि बाकावरची जागाही त्याबरोबर मिळते. अमेरिकेत विद्यापीठातला प्रवेश आणि वर्गातला प्रवेश या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याला दर सत्रात प्रत्येक विषयाच्या वर्गात वेगळी नावनोंदणी करावी लागते आणि प्रत्येक वर्गाच्या जागा मोजलेल्या असतात. त्यामुळे फी भरली, ओळखपत्र मिळाले, पण वर्ग मिळाला नाही, असे तिथे सहज घडते. या रांगेत पदवीधर बहुधा शेवटी उभा असतो. त्याला शेवटी कोणी आणि का उभे केले, हे कॅलिफोर्निया राज्याच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते.

ऐच्छिक विषय आणि युनिटे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी कॉलेजांतही एका वर्षाची सगळी मुले एकाच वर्गात तेच ग्रीक, लॅटिन आणि गणित शिकत. हा साचा मोडण्यात हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांचा वाटा मोठा. १८६९ ते १९०९ या त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत हार्वर्डमधले सक्तीचे विषय एकेक करून गळत गेले आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ सगळा अभ्यासक्रम ऐच्छिक झाला. विद्यार्थी निवड करू लागला, तसे काही वर्ग ओसंडू लागले आणि काही ओस पडले. वर्ग ‘भरतो’ ही कल्पना या निवडीतून आली.

निवडलेल्या सुट्या विषयांची बेरीज करून पदवी द्यायची, तर मोजण्याचे माप हवे. ते माप वेगळ्याच कामातून मिळाले. प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी अँड्र्यू कार्नेगी यांनी दिलेल्या देणगीतून कार्नेगी फाउंडेशन उभे राहिले. कोणती संस्था ‘कॉलेज’ म्हणवून घेण्यास पात्र आहे हे ठरवण्यासाठी १९०६ च्या सुमारास त्या फाउंडेशनने शालेय अभ्यास तासांत मोजायला सुरुवात केली. त्याच धर्तीवर कॉलेजांतही क्रेडिट किंवा युनिट रूढ झाले. आठवड्याला तीन तासांचा विषय म्हणजे साधारण तीन युनिटे. पदवी युनिटांत मोजली जाऊ लागल्यावर पदवीनंतर वरची चार-सहा युनिटे घेऊन जाणेही शक्य झाले. पोस्ट-बॅक विद्यार्थी हा या हिशेबाचाच परिणाम आहे.

परत येणारे पदवीधर

पदवीधर परत का येऊ लागले, याचे पहिले मोठे कारण वैद्यकीय शिक्षण. १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेने पदवीची आणि विज्ञानाच्या पूर्वतयारीची अट घातली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने तशी पूर्वतयारी सगळीकडे असावी असा आग्रह धरला. रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र प्रयोगशाळेसह पूर्ण केल्याशिवाय वैद्यकीय शाळेचे दार उघडेनासे झाले. साहित्य किंवा इतिहास शिकलेल्यांना मागे फिरून हे विषय घेणे भाग पडले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९५५ मध्ये अशा पदवीधरांसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला, पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर कॉलेजने १९७२ मध्ये. या खासगी अभ्यासक्रमांत वर्गातली जागा राखून ठेवलेली असते, पण तिची किंमतही तशीच भक्कम असते.

स्वस्त वाट पूर्वीपासून होती ती बहिःशाल शिक्षणाची. हार्वर्डचे नंतरचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १९१० मध्ये बोस्टनकरांसाठी संध्याकाळचे वर्ग उघडले. त्यांना ज्या लोवेल घराण्याच्या न्यासाचा आधार होता, त्याच्या मूळ मृत्युपत्रात व्याख्यानमालेची फी दोन बुशेल गव्हाच्या किमतीहून जास्त नसावी असे लिहिलेले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बहिःशाल काम १८९१ पासून चालू होते. पण संध्याकाळच्या वर्गांत सगळे विषय नसत, आणि प्रयोगशाळेचे तर फारच कमी.

कॅलिफोर्नियात पदवीधरांची संख्या वाढण्याचे आणखी एक कारण शिक्षकांचा परवाना. भावी शिक्षकाने आधी एखाद्या विषयात पदवी घ्यावी आणि अध्यापनाचे शिक्षण त्यानंतरच्या पाचव्या वर्षात घ्यावे, अशी व्यवस्था तिथे विसाव्या शतकात रुजली आणि १९६१ व १९७० च्या कायद्यांनी ती पक्की केली. त्यामुळे राज्याच्या विद्यापीठांत पदवी हातात असलेले, पण मास्टर्सला नसलेले विद्यार्थी कायम वावरू लागले.

व्यायामशाळेतला दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर गर्दीचे स्वरूप पालटले. २२ जून १९४४ रोजी ‘जीआय बिल’ मंजूर झाले आणि सैन्यातून परतलेल्यांची फी सरकार भरू लागले. सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत शिकून गेले. १९४७ मध्ये तर अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते.

एवढ्यांची नोंदणी सत्र सुरू होण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत उरकायची, तर मोठी जागा लागे. बहुतेक विद्यापीठांत ती एकच असे : व्यायामशाळा. बास्केटबॉलच्या मैदानावर विभागवार टेबले मांडली जात. प्रत्येक टेबलावर लांबट खोक्यांत पंचकार्डांचे गठ्ठे असत. आयबीएमने १९२८ मध्ये रूढ केलेले ऐंशी रकान्यांचे हे कार्ड. चाळीस जागांच्या वर्गाची चाळीसच कार्डे छापलेली. विद्यार्थ्याने रांगेत उभे राहायचे, आपले कार्ड उचलायचे आणि पुढच्या टेबलाकडे धावायचे. सकाळचे इंग्रजीचे कार्ड मिळाले आणि त्याच वेळेचे रसायन तेवढे उरले, तर इंग्रजीचे परत करून पुन्हा पहिल्या रांगेत. गठ्ठा संपला की वर्ग भरला. आत कोणी कधी शिरायचे ते आडनावाच्या अक्षरावरून किंवा जमलेल्या युनिटांवरून ठरे आणि दारावरचा माणूस चिठ्ठी पाहून सोडी.

याच कार्डाला १९६४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात वेगळा अर्थ आला. तिथल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या चळवळीत विद्यार्थ्यांनी नोंदणीच्या पंचकार्डांवर चळवळीची आद्याक्षरे भोकांनी पाडून ती छातीवर लावली. विद्यापीठ आपल्याला माणूस न मानता कार्ड मानते, हा त्यांचा आक्षेप होता. चळवळीच्या मागण्या राजकीय होत्या, पण निषेधाला चिन्ह सापडले ते नोंदणीच्या टेबलावरचे.

महायोजना आणि फी

त्याआधी चार वर्षे, १९६० मध्ये, कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाची महायोजना आखली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर हे तिचे प्रमुख शिल्पकार. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशाला कॅलिफोर्निया विद्यापीठात आणि वरच्या एक-तृतीयांशाला आज ‘कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजांत जागा मिळावी, बाकी सर्वांसाठी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे खुली असावीत, असे तिचे सूत्र होते. राज्यातल्या रहिवाशांकडून शिकवणीची फी घ्यायची नाही हेही त्यात होते. सगळा हिशेब अठरा वर्षांच्या मुलांचा होता. पदवी घेऊन परत येणाऱ्याचा हिस्सा त्यात ठरलेला नव्हता. वर्गांत जागा होत्या तोवर हे कोणाच्या लक्षात आले नाही.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कराला वेसण घातली. कम्युनिटी कॉलेजे याच करावर चालत. त्यांचा भार राज्यावर पडला आणि १९८४ मध्ये त्यांत पहिल्यांदा राज्यभर नोंदणी फी आली : एका सत्राला जास्तीत जास्त ५० डॉलर.

नव्वदच्या दशकारंभी शीतयुद्ध संपले आणि दक्षिण कॅलिफोर्नियातले विमान व संरक्षण उद्योग आटू लागले. राज्याची तिजोरी रिकामी असतानाच नोकरी गेलेले पदवीधर नवे कौशल्य शिकायला कम्युनिटी कॉलेजांकडे वळले. जानेवारी १९९३ मध्ये राज्याने ज्यांच्याकडे आधीच बॅचलर पदवी आहे, त्यांना प्रत्येक युनिटमागे ५० डॉलर असा वेगळा दर लावला. इतरांचा दर त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा होता. तीन युनिटांच्या एका विषयाला शेजारच्या बाकावरचा मुलगा ३० डॉलर भरी आणि पदवीधर १५०.

या दरामागची भूमिका उघड होती : सरकारी खर्चाने एकदा शिकून झालेल्याने दुसऱ्यांदा स्वतःच्या खिशातून शिकावे. पदवीधरांची संख्या झपाट्याने घसरली. पण विसाव्या वर्षी घेतलेल्या पदवीवर चाळीस वर्षांची नोकरी निभत नाही, असा अनुभव त्याच मंदीने लोकांना दिला होता. वेगळा दर १९९६ च्या आरंभी उठला. दर गेला, तरी त्यामागचा विचार पुढे नोंदणीच्या पाळीत टिकून राहिला.

यंत्र आणि पाळी

ऐंशीच्या दशकात व्यायामशाळेतल्या रांगा दूरध्वनीवर गेल्या. विद्यार्थी ठरलेल्या वेळी फोन करून वर्गाचा क्रमांक बटणांनी दाबी आणि यंत्रातला आवाज जागा मिळाली की नाही ते सांगे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हेच काम संगणकाच्या पडद्यावर आले. धावपळ संपली, पण गर्दीत वाट काढण्याची मुभाही संपली. संगणक प्रत्येकाला नोंदणीची तारीख आणि वेळ देतो आणि त्याआधी पान उघडत नाही. कोणाचा हक्क आधी, हे आता मिनिटांत लिहिले जाऊ लागले.

पाळीचा क्रम साधारण असा असतो. अपंग विद्यार्थी, माजी सैनिक आणि अनाथालय किंवा पालक-कुटुंबात वाढलेली मुले यांना कायद्याने अग्रक्रम. मग पदवीच्या उंबरठ्यावर असलेले, मग त्यांच्या मागची वर्षे. परवाना किंवा दुसऱ्या पदवीसाठी रीतसर प्रवेश घेतलेल्या पदवीधराला या क्रमात कुठेतरी स्थान मिळते. कोणत्याच अभ्यासक्रमात नसलेल्याला, म्हणजे दोन-तीन विषयांपुरते आलेल्याला, मिळत नाही.

त्याच्यासाठी स्टेट युनिव्हर्सिटीत ‘ओपन युनिव्हर्सिटी’ नावाची सोय आहे. रीतसर प्रवेश न घेता, युनिटमागे फी भरून नियमित वर्गात बसता येते. मात्र सगळ्या नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी होऊन जागा उरली तरच, आणि शिक्षकाच्या, बहुतेक ठिकाणी विभागाच्याही, संमतीने. स्वखर्ची शिक्षणाने सरकारी खर्चाच्या वर्गांना बाजूला सारू नये, असा राज्याचा कायदाच आहे. या वाटेने मिळवलेल्या युनिटांपैकी जास्तीत जास्त २४ पुढे बॅचलर पदवीत धरली जातात. शिवाय गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी पेल अनुदान एकदा बॅचलर पदवी मिळाली की बंद होते, अपवाद काही शिक्षक-परवान्याच्या अभ्यासक्रमांचा.

पहिला दिवस

पडद्यावर वर्ग भरलेला दिसतो, तेव्हा गोष्ट तिथेच थांबत नाही. प्रतीक्षायादीवर नाव घालता येते आणि कोणी वर्ग सोडला की संगणक पुढच्याला आत घेतो. ही यादी सहसा सत्राच्या पहिल्या दिवसापर्यंत किंवा त्याच्या आसपास चालते. त्यानंतर चावी शिक्षकाच्या हातात जाते.

जुनी पद्धत कागदाची होती. शिक्षकाने पिवळ्या किंवा गुलाबी फॉर्मवर सही करायची आणि विद्यार्थ्याने तो रजिस्ट्रारच्या खिडकीवर द्यायचा. आज सहीची जागा परवानगी क्रमांकाने घेतली आहे. काही अंकांचा हा क्रमांक एकदाच वापरता येतो आणि एकाच वर्गाला लागू पडतो. तो मिळवण्यासाठी नोंदणी नसताना पहिल्या तासाला जाऊन बसणे याला तिथली मुले ‘क्लास क्रॅश करणे’ म्हणतात. सेंद्रिय रसायनाच्या पहिल्या तासाला असे दहा-पंधरा जण भिंतीला टेकून उभे असतात. शिक्षक हजेरी घेतात. ज्याने ‘हजर’ म्हटले नाही त्याच्या नावापुढे खूण होते. पहिल्याच दिवशी गैरहजर राहिलेल्याचे नाव काढून टाकण्याचा नियम अनेक विभागांत आहे. तीन नावे गळाली, तर उभ्या असलेल्यांपैकी तिघांना क्रमांक मिळतो. तो कोणाला द्यायचा ते शिक्षक ठरवतो : कोणी यादीचा क्रम पाळतो, कोणी चिठ्ठ्या टाकतो, कोणी या सत्रात पदवी पूर्ण होणाऱ्याला आधी घेतो. पदवीधराला इथे पहिल्यांदाच आपली निकड माणसाला सांगता येते.

शिक्षकाची मर्जीही अमर्याद नसते. खोलीत किती माणसे बसू शकतात हे आगीच्या नियमाने ठरलेले असते आणि प्रयोगशाळेत मेजांपलीकडे एकही जण वाढवता येत नाही. म्हणून समाजशास्त्राच्या व्याख्यानात जागा निघते, शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेत निघत नाही. या दारालाही मुदत असते. सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर ‘गणनेचा दिवस’ येतो. त्या दिवसाच्या पटावरून राज्याकडे विद्यार्थ्यांची संख्या कळवली जाते आणि पैशाचा हिशेब होतो. कम्युनिटी कॉलेजांत तर त्याआधी न येणाऱ्यांची नावे पटावरून काढणे शिक्षकाला बंधनकारक आहे. रिकाम्या खुर्च्या लवकर उघड होतात, त्या या सरकारी हिशेबामुळे.

मंदीची वर्षे

२००८ च्या मंदीने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. स्टेट युनिव्हर्सिटीने विद्यार्थीसंख्या सुमारे ४०,००० ने कमी करायचे ठरवले, २०१० च्या वसंत सत्राचे प्रवेश बंद केले आणि अनेक ठिकाणी दुसरी बॅचलर पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांचे अर्ज घेणेच थांबवले. ते पदवीधर कम्युनिटी कॉलेजांकडे गेले, तर तिथेही वर्ग कमी होत होते. २००८ नंतरच्या चार वर्षांत या कॉलेजांची विद्यार्थीसंख्या सुमारे पाच लाखांनी घटली. मागणी होती, वर्गच नव्हते. २०१२ च्या शरद सत्रात प्रतीक्षायाद्यांवर राज्यभर ४ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी होते.

त्याच वर्षी सांता मोनिका कॉलेजने गर्दीच्या विषयांचे जादा वर्ग युनिटमागे सुमारे १८० डॉलर दराने काढायचे ठरवले. नेहमीचा दर तेव्हा ३६ डॉलर होता. ज्याला परवडेल त्याची रांग वेगळी, असा त्याचा अर्थ घेऊन विद्यार्थी खवळले. ३ एप्रिलला विश्वस्तांच्या बैठकीबाहेर त्यांच्यावर मिरपुडीचा फवारा मारला गेला, त्याचा बोभाटा देशभर झाला आणि योजना गुंडाळली गेली. १९९३ चा दर पदवीधरांपुरता होता. तोच हिशेब सगळ्यांना लावताच वाद रस्त्यावर आला.

राज्याने मग किमतीऐवजी क्रम बदलला. २०१२ मध्ये विद्यार्थी-यशासंबंधीचा कायदा झाला आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी अग्रक्रमाचे राज्यव्यापी नियम ठरले. ते २०१४ च्या शरद सत्रापासून लागू झाले. शैक्षणिक आराखडा तयार केलेल्या नव्या आणि चालू विद्यार्थ्यांना आधी पाळी मिळू लागली. एकाच कम्युनिटी कॉलेज जिल्ह्यात १०० हून अधिक युनिटे जमवलेल्यांचा अग्रक्रम गेला.

सध्याची स्थिती

याच सुमारास लेखापालांच्या परवान्याची अटही कडक झाली. २०१४ पासून कॅलिफोर्नियात सीपीए होण्यासाठी १५० युनिटे लागू लागली, आणि अमेरिकेची चार वर्षांची पदवीही साधारण १२० युनिटांचीच असते. भारतातली तीन वर्षांची बी.कॉम. तिथे मोजताना आणखी कमी भरते. त्यामुळे मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाणिज्य पदवीधरालाही ही युनिटे भरून काढायला याच वर्गांच्या दाराशी यावे लागू लागले. आपल्याकडे त्याचे शिक्षण पूर्ण झालेले असते, तिथल्या कागदावर ते अपुरे असते.

२०२० च्या महासाथीनंतर कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या घसरली आणि बरेच वर्ग ऑनलाइन गेले. भिंतीला टेकून उभे राहण्याची जागा शिक्षकाला लिहिलेल्या ई-मेलने घेतली. पण ऑनलाइन वर्गांबरोबर नवी अडचण आली. आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी केलेल्या नोंदण्या जागा अडवू लागल्या आणि खरा विद्यार्थी प्रतीक्षायादीवर अडकू लागला. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पटावरची नावे तपासून खोटी वगळणे हे शिक्षकाचे काम पुन्हा महत्त्वाचे झाले. पंचकार्डांपासून संगणकापर्यंत नोंदणीची बहुतेक कामे यंत्राने उचलली. भरलेल्या वर्गात आणखी एकाला घ्यायचे की नाही, हे मात्र अजूनही पटावरची नावे वाचणारा शिक्षक ठरवतो.